न्हाणीघराचा नळ कोणासाठी घेता?

घराचे बांधकाम निघाले की फरशीच्या रंगावर आठ दिवस चर्चा होते. ओटा काळा की हिरवा यावर सासू-सुनेत मतभेद होतात, मुले आपापल्या खोलीच्या रंगासाठी हट्ट धरतात. नळांचा विषय मात्र शेवटच्या आठवड्यात निघतो. पैसे संपत आलेले असतात, प्लंबर दारात उभा असतो, आणि घरचा कर्ता दुकानात जाऊन "मधल्या भावातले द्या" म्हणत सात-आठ नळ पिशवीत घालून आणतो. पुढची पंधरा वर्षे त्या नळांना रोज हात लावणारी माणसे त्या वेळी दुकानात नसतात. अम्मी नसते, सून नसते, शाळेत जाणारी मुलगी नसते.

आपल्या घरांत नळाला इतरांपेक्षा जास्त हात लागतो, ही साधी गोष्ट दुकानदाराच्या लक्षात येत नाही आणि आपणही त्याला सांगत नाही. पाच वेळची वुजू, गुस्ल, तहारत, शिवाय कपडे-भांडी आहेतच. कडाक्याच्या थंडीत पहाटे अंधारात उठून जो माणूस पहिल्यांदा नळ फिरवतो, तो बहुतेक वेळा घरातला सर्वांत वयस्क माणूस असतो. नळ निवडायचा तर त्याचा हात आधी आठवावा, असे आम्हाला वाटते.

आमच्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट सांगतो. घर मराठवाड्यातले. खालाजान सत्तरी ओलांडलेल्या, संधिवाताने बोटे वाकडी झालेली. न्हाणीघरात गोल मुठीचा, पेचाने फिरणारा जुना नळ. मुलाच्या मनात आले, नळ रात्रभर गळतो, म्हणजे वायसर गेला असणार. त्याने वायसर बदलला आणि दर रात्री झोपण्यापूर्वी स्वतः नळ करकचून बंद करू लागला. तरी सकाळी नळाखालची बादली भरलेली! चार-पाच दिवसांनी उलगडा झाला. करकचून बंद केलेला नळ पहाटे खालाजानच्या हातून उघडत नसे. सुनेला हाक मारून उठवणे त्यांच्या जिवावर येई. म्हणून तहज्जुदला जाग आली की नातवाला खुणावून त्या नळ किंचित सैल करून ठेवत, आणि मग फज्रपर्यंत धार बारीक वाहत राही. त्या गावात तेव्हा आठवड्यातून एकदा पाणी येत असे. मुलाने पुढच्याच जुमेरातला तो नळ काढून लांब दांडीचा, पाव फेऱ्यात उघडणारा नळ लावला. आता खालाजान मनगटाने ढकलून नळ उघडतात. बादली सकाळी कोरडी असते.

पाव फेऱ्याचा नळ म्हणजे दुकानात ज्याला क्वार्टर टर्न म्हणतात तो. जुन्या नळात रबराचा वायसर पेचाने खाली दाबला जातो आणि पाणी अडते. उघडायला दोन-तीन फेरे, बंद करायला जोर. रबर झिजले की जोर वाढतो, जोर वाढला की रबर आणखी लवकर झिजते. नव्या नळात सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात, भोकाला भोक आले की पाणी सुरू. ताकद लागत नाही. वुजू करताना मध्येच नळ बंद करणे सोपे जाते, आणि खरा फायदा हाच आहे. गोल मुठीचा नळ ओल्या हाताने तीनदा उघडायचा आणि तीनदा बंद करायचा कंटाळा कोणालाही येतो. मग नळ चालू ठेवूनच आपण कोपर धुतो, मसह करतो, पाय धुतो. मसह करताना तर पाण्याची गरजही नसते.

किती पाणी जाते याचा हिशेब एकदा घरी करून पाहावा. शाळेत आम्ही मुलांना हे करायला सांगतो, मोठ्यांनाही हरकत नसावी. एक लिटरची बाटली नळाखाली धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. दहा सेकंदांत बाटली भरली तर तुमचा नळ मिनिटाला सहा लिटर पाणी देतो. सात सेकंदांच्या आत भरली तर नऊ लिटरच्या आसपास. आता नऊ लिटरचा नळ धरा आणि वुजूला दोन मिनिटे तो सलग उघडा धरा. एका वुजूला अठरा लिटर. पाच माणसांच्या पाच वुजू म्हणजे दिवसाला ४५० लिटर. सगळेच दर नमाजला नव्याने वुजू करतात असे नाही, म्हणून निम्मे करा, तरी २२५ लिटर होतात. केंद्र सरकारच्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांचे २७५ झाले. म्हणजे जवळजवळ सगळे पाणी वुजूच्या जागीच संपले, आणि पिणे, स्वयंपाक, आंघोळ, कपडे अजून बाकीच आहेत.

उलट, धार बारीक ठेवली, अवयवागणिक नळ बंद केला, तर दोन लिटरमध्ये वुजू आरामात होते. प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करत आणि एक सा ते पाच मुद्द एवढ्या पाण्यात गुस्ल करत, असे हजरत अनस (रजि.) यांच्या हदीसमध्ये आले आहे. मुद्द म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाची भरलेली ओंजळ, आजच्या मापाने पाऊण लिटरच्या आत. चार मुद्दांचा एक सा. वाहत्या नदीकाठी बसूनही वुजूत पाण्याचा इस्राफ नको, ही शिकवण आपण जुम्याच्या बयानात ऐकत आलो आहोत. पण ज्या नळातून धो धो धार पडते आणि जो बंद करायला दोन्ही हात लागतात, त्या नळाखाली उभे राहून ती पाळायची कशी? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना वेगळे सांगायला नको.

जाता जाता एक गंमत. इजिप्तमध्ये नळाला हनफिया म्हणतात. हनफी मसलकाच्या नावावरून हा शब्द आला असे मानले जाते. नळाच्या पाण्याने वुजू करावी की नाही यावर तिथे एके काळी बरीच चर्चा झाली आणि हनफी उलेमांनी परवानगी दिली, असा किस्सा सांगतात. आपल्याकडे तोटी हा शब्द नळालाही आहे आणि लोट्यालाही आहे. वुजूचा लोटा बारीक तोटीचा का असे, हे नळ घेताना आठवावे.

बारीक तोटीचे काम आजच्या नळात त्याच्या तोंडाशी बसवलेली जाळी करते. दुकानदार तिला फोम फ्लो किंवा एरेटर म्हणतो. ती पाण्यात हवा मिसळते. धार भरदार आणि मऊ लागते, शिंतोडे उडत नाहीत, आणि पाणी कमी जाते. बेसिनच्या आणि वुजूच्या नळाला ती हवीच. बादलीच्या नळाला मात्र नको, तिथे बादली भरायचीच आहे, मग वेळ कशाला घालवायचा? बोअरच्या पाण्याने या जाळीत क्षार आणि रेती साचते. महिन्या-दोन महिन्यांनी जाळी हाताने फिरवून काढावी, रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावी, जुन्या टूथब्रशने घासावी. जाळी हाताने निघते की तिला कंपनीची खास किल्ली लागते, हे घेतानाच विचारून ठेवा. किल्ली लागत असेल तर ती डब्यातून काढून जपून ठेवा, कारण प्लंबर ती हमखास कचऱ्यात टाकतो.

आता दाबाचे पाहू. पुष्कळांचा नळ चांगला असूनही पाणी नीट येत नाही, आणि शिव्या बिचाऱ्या नळाला बसतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पाण्याची टाकी नळापासून दहा मीटर उंच असेल तर एक बार दाब मिळतो. एकमजली घरात गच्चीवरची टाकी न्हाणीघराच्या नळापासून जेमतेम तीन मीटर वर असते, म्हणजे दाब ०.३ बारच्या आसपास. मोठ्या चकतीचे शॉवर आणि एकदांडी मिक्सर या दाबाला कुरकुरतात. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात किमान दाब छापलेला असतो, तो वाचावा. तुमची टाकी जवळ असेल तर साधा, मोठ्या भोकाचा नळ घ्या किंवा टाकी चार-पाच फूट उंच चौथऱ्यावर चढवा. चौथरा सोन्यासारख्या चमकणाऱ्या शॉवरपेक्षा स्वस्त पडतो. मुंबई-पुण्याच्या उंच इमारतीत याच्या उलट होते. वरच्या मजल्यावर धार करंगळीएवढी आणि खालच्या मजल्यावर नळ उघडताच अंगभर शिंतोडे. खाली राहणाऱ्यांनी नळाआधीचा अँगल कॉक थोडा आवळून ठेवला तरी काम भागते.

धातूबद्दल थोडे. नळ पितळेचा असावा, वर क्रोमचा मुलामा. दुकानात दिसायला हुबेहूब तसेच, पण जस्ताच्या मिश्रधातूचे नळही असतात. लोहचुंबकाने हा फरक कळत नाही, कारण दोन्हींना चुंबक चिकटत नाही. नळ उलटा करून पाइपात जाणाऱ्या आट्यांच्या आत डोकावून पाहा. पिवळे दिसले तर पितळ. करडे-पांढरे दिसले तर दुकानदाराला स्पष्ट विचारा. वजनही हाताला सांगतेच. आयएसआयची खूण शोधा. पेचाच्या साध्या नळांसाठी आयएस ७८१ आणि मुलाम्याच्या फॅन्सी नळांसाठी आयएस ८९३१ हे भारतीय मानकांचे क्रमांक आहेत. प्लास्टिकचे नळ, ज्यांना पीटीएमटी म्हणतात, ते हलके म्हणून नाक मुरडू नये. खूप क्षाराच्या पाण्यात ते गंजत नाहीत, आणि गच्चीवर, अंगणात, भाड्याच्या खोलीत चांगले चालतात. फक्त त्यांचे आटे जोर सहन करत नाहीत. आवळताना पान्याने ताकद लावली की नळाचे कान तुटतात.

कोकणातल्या वाचकांना खाऱ्या हवेचा त्रास माहीत आहे. तिथे पाणी सौम्य असते, पण समुद्राजवळ मुलामा बाहेरून खातो. तिथे रोज रात्री नळ कोरड्या फडक्याने पुसणे हाच उपाय. देशावर आणि मराठवाड्यात बोअरचे पाणी जड. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, किटलीत पांढरा थर बसतो, तिथे नळाच्या तोंडाशीही तोच थर बसणार. तो काढायला फरशीचे अॅसिड वापरू नये, मुलामा निघून खालचे पितळ उघडे पडते. काळे आणि सोनेरी रंगाचे नळ अशा पाण्याच्या घरात घेऊच नयेत. एका महिन्यात त्यांवर चुन्याचे नकाशे उमटतात. पाहुण्यांना दाखवण्यासाठी घेतलेला नळ मग पाहुणे येण्याआधी तासभर घासावा लागतो, आणि घासणारे हात घेणाऱ्याचे नसतात.

जड पाण्यातली रेती सिरॅमिकच्या चकत्यांवर ओरखडे पाडते. म्हणून टाकीतून खाली येणाऱ्या मुख्य पाइपावर गाळणी बसवा, आणि टाकी वर्षातून दोनदा धुवा. हे दोन्ही होणार नसेल तर रबरी वायसरचा जुना नळच बरा, असे आम्ही उघड सांगतो. वायसर पाच रुपयांचा आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमध्ये मिळतो. चकत्यांचे काडतूस त्याच कंपनीचे लागते आणि तालुक्याच्या गावी मिळेलच असे नाही.

नवे घर बांधत असाल तर वुजूसाठी बसायची वेगळी जागा जरूर काढा. तीन फूट बाय अडीच फूट पुरते. बेसिनमध्ये पाय वर घेऊन धुणे हा आपल्या घरांतला रोजचा प्रकार आहे आणि तो धोक्याचा आहे. ओल्या फरशीवर एका पायावर उभे राहिलेले म्हातारे माणूस आधाराला बेसिन धरते. भिंतीत दोन बोल्टांवर टांगलेले चिनी मातीचे बेसिन माणसाच्या भारासाठी केलेले नसते. ते सुटते, फुटते, आणि फुटलेली चिनी माती सुरीसारखी कापते. खुब्याचे हाड मोडले की म्हातारपणी पुन्हा चालणे कठीण होते. हे सारे टाळायला दीड फुटाचा बांधीव ओटा किंवा पक्के स्टूल, समोर भिंतीत सव्वादोन फुटांवर लांब अंगाचा नळ, आणि उजव्या हाताला एक धरायची दांडी एवढेच लागते. नळाचे तोंड भिंतीपासून निदान सहा इंच पुढे यावे, नाहीतर पाय धुताना बोटे भिंतीला घासतात. फरशी खरबरीत घ्या. टाइल बसण्यापूर्वी अम्मी किंवा अब्बांना प्रत्यक्ष त्या जागी स्टुलावर बसवा, हात पुढे करायला सांगा, आणि हात जिथे सहज पोहोचेल तिथे पेन्सिलीने खूण करा. आम्ही दिलेली मापे त्या खुणेपुढे काहीच नाहीत.

जागा नसेल, बेसिनवरच वुजू करायची असेल, तर निदान नळाच्या तोंडाखाली कोपर धुण्याइतकी मोकळी जागा राहील एवढा उंच नळ घ्या. छोट्या बेसिनवर बुटका नळ लावला की बोटे बेसिनच्या मागच्या भिंतीला लागतात आणि पाणी कोपरावरून घरंगळत थेट फरशीवर. फार उंचही नको, शिंतोडे छातीवर येतात. पायांसाठी खाली बादलीचा नळ वापरावा.

शौचालयात तोटीचा नळ आणि फवारा दोन्ही ठेवावेत. फवाऱ्याला कोणी जेट म्हणते, कोणी हेल्थ फॉसेट. तरुणांना तो सोयीचा वाटतो. वडीलधाऱ्यांना शिंतोड्यांची शंका येते आणि ती रास्त आहे, कारण जोरदार फवाऱ्याने उडालेले पाणी कपड्यांवर कुठे पडले ते कळत नाही. दोन तोंडांचा बिबकॉक मिळतो, एका तोंडाला फवारा, दुसऱ्याखाली लोटा. जमिनीपासून फूटभर उंचीवर तो बसवावा. फवाऱ्याबाबत एक सवय घरात सर्वांना लावायलाच हवी. वापर झाला की फवाऱ्याच्या मागचा कॉक बंद करायचा. फवाऱ्याचा खटका सोडला तरी नळीत दाब कोंडलेलाच असतो, आणि ती नळी सतत दाब सहन करायला फारशी मजबूत नसते. ईदला सगळे गावी जातात, घराला कुलूप असते, नळी फुटते, आणि शेजारी फोन करतात की पाणी जिन्यावरून वाहते आहे.

गरम पाण्याचा मिक्सर घेताना गरम आणि थंड पाणी एकाच उंचीवरून, एकाच दाबाने येते का हे आधी पाहा. थंड पाणी पंपाने जोरात आणि सोलरचे गरम पाणी नुसते उतारावरून येत असेल तर थंड पाणी गरम पाइपात मागे शिरते आणि फज्रच्या वेळी दोन्हीकडून गारच येते. गरम पाइपावर पाणी मागे न जाऊ देणारा व्हॉल्व्ह बसवला की हे थांबते. सोलरचे पाणी गरम यायला वेळ लागतो, तोवरचे गार पाणी बादलीत धरावे. भिंतीत पुरलेले डायव्हर्टर देखणे असतात, पण ते गळले तर टाइल फोडावी लागते. आमची पसंती भिंतीबाहेर दिसणाऱ्या वॉल मिक्सरला. पुरलेलेच हवे असेल तर टाइल लावण्याआधी पाइपांचे फोटो काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी धरून.

मशिदीच्या वुजूखान्यासाठी कोणी सल्ला विचारला तर आम्ही दाबायचे, आपोआप बंद होणारे नळ सुचवतो. लहान मुले नळ उघडे टाकून पळतात, तो प्रश्न मिटतो. मात्र एकदा दाबल्यावर किती सेकंद पाणी येते ते तपासून घ्यावे. फार लवकर बंद होणारा नळ एका हाताने दाबत दुसऱ्या हातावर पाणी घ्यावे लागते, आणि म्हातारे लोक वैतागतात. निदान दोन नळ दांडीचे ठेवावेत. हात धरताच वाहणारे सेन्सरचे नळ विजेवर किंवा सेलवर चालतात. सेल बदलायची जबाबदारी नेमून दिलेली नसेल तर तो खर्च करू नये.

बसवण्याच्या दिवशी घरातल्या एकाने तिथे हजर राहावे. नळ लावण्याआधी पाइप उघडा ठेवून दोन बादल्या पाणी सोडून द्यायला सांगा, बांधकामाची वाळू आणि सिमेंटचे कण त्यात निघून जातात. नाहीतर ते पहिल्याच दिवशी चकत्यांत अडकतात. आट्यांवर पांढरी टेप पुरेशी गुंडाळली आहे ना ते पाहा. पान्याखाली फडके धरायला सांगा, नाहीतर मुलाम्यावर दातांच्या खुणा कायमच्या राहतात. नळामागची वाटी भिंतीला सपाट बसली पाहिजे, फट राहिली तर पाणी भिंतीत मुरते आणि पलीकडच्या खोलीत ओल येते. सगळे बसले की प्रत्येक नळाखाली रात्रभर कोरडा कागद ठेवा, बारीक गळती असेल तर सकाळी तो सांगेल. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसात चार लिटरच्या वर पाणी जाते, म्हणजे दोघांची वुजू.

बिल, वॉरंटीचे कार्ड आणि नळाचे मॉडेल लिहिलेले खोक्याचे झाकण एका पाकिटात घाला. त्याच दुकानातून त्याच मॉडेलचे एक जादा काडतूस घ्या आणि पाकिटासोबत ठेवून द्या. पाकीट कुठे आहे ते सुनेला दाखवून ठेवा, कारण नळ बिघडतो तेव्हा घरात बहुधा तीच असते.